तुझ्या बोलण्यातला हेल

रविवार, ३ मार्च

बबी,

आशीर्वाद आहेतच, ते कागदावर उतरवले नाहीत म्हणून कमी होत नाहीत. हिशेबाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती फाडून लिहिते आहे. रेघा आडव्यातिडव्या दिसतील. चालवून घे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. म्हणतात, "मशीन असतं तर दोन थेंब तेल सोडलं असतं." दुकान चालू आहे. लोक आता शिवणयंत्रं दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेतात, तरी जुनी लोखंडी मशीनवाली माणसं यांच्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. तुझ्या खोलीत मी गाद्या ठेवल्या होत्या, त्या काढून पुन्हा खोली मोकळी केली. कशासाठी म्हणून नाही. हवा खेळावी एवढंच.

दर रविवारी तू दुकानाच्या नंबरावर फोन करतेस हे मला ठाऊक आहे. बाबा लपवत नाहीत आणि सांगतही नाहीत. रविवारी दुकान बंद असतं, तरी अकरा वाजता शर्ट बदलून निघतात. येतात तेव्हा चेहऱ्यावरून कळतं. मी विचारते, "काय म्हणते?" ते म्हणतात, "बरी आहे."

चौदा महिने झाले. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय झालं, बबी? घरात चार बायका जमल्या होत्या, थोडी थट्टा झाली. आपल्या घरात थट्टा का नवी आहे? मी तर देवाचीही करते आणि तो ऐकून घेतो. तू सुट्टी संपायच्या चार दिवस आधी निघून गेलीस, ड्यूटी बदलली म्हणालीस. मी विश्वास ठेवला. आता वाटतं, ठेवायला नको होता.

तुझी छकुली आता खूप बोलते म्हणे. बाबांच्या तोंडून एवढंच निसटलं. मागच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, एकदा घरच्या फोनवर करायला सांगा, मला तिचा आवाज ऐकायचा आहे. त्यांनी तुला विचारलं. तू काय उत्तर दिलंस ते त्यांनी संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. मग जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं: "तिला फोनवर देणार नाही म्हणाली. म्हणाली, मी निदान मोठेपणी बदलले, ही तर पहिल्या शब्दापासून तशीच बोलते. आईला हसायला आयतं मिळेल."

मी भात तसाच ठेवून उठले.

तुझी आई


मंगळवार, १९ मार्च

बबी,

तुझं पत्र नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की पदर सावरते.

मागच्या पत्रात मी "थोडी थट्टा" असं लिहिलं. वहीत चुकीची नोंद झाली तर मी खोडत नाही, खाली नवीन ओळीत बरोबर करून लिहिते. तसंच करते.

त्या गुरुवारी आपल्याकडे प्रार्थनामंडळ होतं. सात बायका, मी आठवी. नेहमीप्रमाणे प्रत्येकीने पोथीचं एकेक पान वाचायचं. तू स्वयंपाकघरात कप विसळत होतीस, मीच हाक मारली, "ये, तुझीही पाळी घे." खरं तर मला तुला मिरवायचं होतं. माझी मुलगी एवढ्या लांबून आली आहे आणि अजून पोथी वाचते, हे बायकांनी पाहावं असं वाटत होतं.

तू बसलीस, पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतलीस आणि वाचायला लागलीस. पहिल्या दोन ओळींतच मला कसंतरी झालं. शब्द आपलेच होते, पण त्यांचा हेल तिकडचा. ओळ जिथे खाली उतरते तिथे तू वर चढत होतीस. प्रत्येक शब्द सुटा सुटा, बहिऱ्या माणसाला सांगावा तसा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या दोघींनी हसू दाबलं.

त्या तुला हसायच्या आत मला हसायचं होतं. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

मी तुझ्या हातातून पोथी काढून घेतली. म्हटलं, "राहू दे गं. देवालाही कळायचं नाही तुझं."

मग सगळ्याच हसल्या. तूही ओठ ताणलेस. मला वाटलं, हसलीस.

हे शब्द लिहिताना पेन दोनदा थांबलं. रोज पहाटे त्याच देवापुढे बसते, आणि त्याला काय कळतं, काय नाही, हे ठरवायला मी कोण?

आई


सोमवार, ८ एप्रिल

बबी,

परवा तुझ्या बाबांशी भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलत होते आणि ते बॉबिन पुसत होते. मी म्हटलं, "पोटची पोर एवढी बदलते? सात वर्षांत जीभ परकी होते? लोक तिकडे वीस-वीस वर्षं राहतात, त्यांचं नाही बदलत. हिनेच ठरवून बदललं."

ते म्हणाले, "हो. ठरवूनच बदललं."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं. म्हणे, तू तिकडे वृद्धांच्या रुग्णालयात लागलीस, तेव्हा पहिल्या वर्षी तुझं बोलणं कुणाला कळत नव्हतं. शब्द बरोबर, हेल इकडचा. ऐकू न येणारी म्हातारी माणसं तू काही विचारलंस की भिंतीकडे तोंड फिरवायची. एका आजोबांनी तुला पाणी मागितलं, तू "गरम की साधं" विचारलंस, तर ते रडायलाच लागले, दुसऱ्या नर्सला बोलवा म्हणाले. नातेवाइकांनी तक्रार केली. मग तीन महिने तुला तिथल्या धुलाईखान्यात टाकलं. चादरी, उशांचे अभ्रे, लाळेरी. नर्सिंग शिकलेली माझी मुलगी. आणि तिथे, मशीनच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून, तू मोठमोठ्याने बोलायची सवय केलीस. "दुखतंय का?" "हात वर करता येईल का?" "मी इथेच आहे." हीच वाक्यं, त्यांच्या हेलात, चादरींना ऐकवत.

मी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

त्यांनी बॉबिन खाली ठेवली. "तिनेच सांगितलं होतं, आईला सांगू नका. ती नक्कल करील."

तू त्या गुरुवारच्या पाच वर्षं आधी हे म्हणाली होतीस. म्हणजे माझी भीती तुला तेव्हापासून होती.

अजून एक नोंद राहिली आहे, ती आज करते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. पोथी तुझ्या हातातून घेतल्यावर मी तेच पान पुढे वाचलं. तुझ्या हेलात. हुबेहूब. शब्द सुटे सुटे करून, ओळीच्या शेवटी वर चढत. बायका डोळे पुसत हसल्या. आणि दारात छकुली उभी होती, चार वर्षांची. सगळे हसतात म्हणून तीही हसली. टाळ्या वाजवून. आपण कुणाला हसतो आहोत हे तिला कळत नव्हतं. तू उठलीस, तिला कडेवर घेतलंस आणि आत गेलीस. त्यानंतर जाईपर्यंत तू माझ्यासमोर एकही पूर्ण वाक्य बोलली नाहीस. "हो." "नको." "ठेवलं." मला वाटलं, प्रवासाची दगदग.

आई


शनिवार, २७ एप्रिल

बबी,

हे पत्र मी तुला लिहीत असले तरी यात माझ्या आईशी बोलणं आहे, असं समज. ती आता नाही, म्हणून तुला सांगते.

मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिकचा निकाल लागून दोन वर्षं झाली होती. माझ्या माहेरी बोलताना शेवटचा शब्द ओढतात, पाळण्याला झोका द्यावा तसा. आम्हाला तो ओढलेला कळायचाही नाही. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि तुझी आत्या म्हणाली, "वहिनी, मघाशी म्हणालात ते परत म्हणा ना." मी म्हटलं. खोली हसून लोळली. वाईट माणसं नव्हती ती. माझ्या आजेसासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवून "गोड आहे हो पोर" असं म्हटलं होतं. पण पाहुणा आला की "परत म्हणा ना" ठरलेलं.

मी न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचे. बादली भरेपर्यंत. "चहा टाकू का?" "भाजी कोणती आणू?" शेवट छाटून, कोरडा करून. पाणी वाहून जायचं त्याचं वाईट वाटायचं, तुला माझा स्वभाव माहीत आहे, पण नळाशिवाय आवाज बाहेर गेला असता.

वर्षाने माहेरी गेले. धाकट्या भावाला म्हटलं, "दार लाव रे." एवढंच. आई चुलीपुढून म्हणाली, "आली हो, सासरची पाहुणी आली." ती सहज म्हणाली. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. दोन्ही घरांत पाहुणी.

मग मी नकला करायला लागले. आत्याची, शेजारच्या मास्तरांची, देवळातल्या पुजाऱ्यांची, पाहुण्यांची. मी दुसऱ्याची केली की माझी होत नसे. लोक म्हणायचे, वहिनी फार विनोदी. तीस वर्षांत मी कुणाला सोडलं नाही. आणि हळूहळू हे विसरून गेले की हे सुरू कशामुळे झालं. अगदी पार विसरले, बबी. तुझ्या बाबांनी धुलाईखान्याचं सांगितलं, तेव्हा मला एकदम नळाचा आवाज आला.

तू चादरींना ऐकवत होतीस, मी बादलीला. आपण दोघी एकमेकींना सांगू शकलो असतो.

बाबांच्या दुकानात एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. लांबच्या मुलखातल्या. त्यांचं बोलणं मलाही नीट कळत नाही, वाक्य कुठे संपलं ते लक्षात येत नाही. परवा त्यांचं मशीन होईपर्यंत मी त्यांना चहा दिला. त्या बोलत होत्या, मी "हो, हो" करत होते. त्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, कळलं नाही तर 'काय' म्हणा. रागवत नाही मी. तुम्ही 'हो हो' म्हटलं की मी उगाच बोलले असं होतं."

मी म्हटलं, "चुकलं. पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मशीनचा पट्टा सारखा घसरतो, एवढंच होतं.

मग मी विचारणार होते, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ओठांवर आलं होतं. त्या आधीच हसल्या. "आता विचाराल कुठली. सगळे विचारतात. पंधरा वर्षं पलीकडच्या गल्लीत राहते, ताई. चौथं घर."

तो प्रश्न मी गिळला. घरी पाहुण्याला पाणी द्यावं तितकी ही गोष्ट साधी आहे, आणि मला ती बावन्नाव्या वर्षी, चहाच्या कपावर शिकावी लागली.

तू छकुलीला फोनवर द्यायचं नाही असं ठरवलं आहेस. तुझा हक्क आहे. मी फक्त एवढं लिहिते की मला तिला ऐकायचं आहे. जशी बोलते तशी.

आई


सोमवार, १३ मे

बबी,

काल फोन ठेवलास त्याला आता एक दिवस झाला. रात्रभर वाक्यं जुळवत होते, सकाळी एकही उरलं नाही. तरी लिहिते.

आधी हे की, तू बाबांना "रविवारी घरी थांबा, घरच्या नंबरावर करते" असं सांगितलंस, तेव्हापासून मी दिवस मोजत होते. काल पहाटे नेहमीपेक्षा आधी अंघोळ केली. देवाला म्हटलं, आज माझी जीभ तू धर.

छकुली बोलायला लागली आणि मला पहिलं वाक्य कळलं नाही. मी घाबरले. पण "हो हो" म्हटलं नाही. म्हटलं, "काय गं? आजीला पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं, कंटाळा न करता. गोगलगाय. शाळेच्या बागेत सापडलेली गोगलगाय तिने डब्यात ठेवली होती, झाकणाला भोकं पाडून. तुझ्या नवऱ्याने पाडून दिली, खिळ्याने. तीन दिवस पानं घातली. मग डबा उघडा राहिला.

किती छान सांगत होती. प्रत्येक वाक्य वर चढायचं आणि तिथेच थांबायचं, जणू पुढची पायरी आहे की नाही ते बघते आहे. मी त्या पायऱ्यांवरून तिच्या मागे चालले होते. मला तू, बाबा, खोली, कशाचं भान नव्हतं. आणि मी विचारलं, "मग गोगलगाय कुठे गेली?"

ते माझ्या तोंडून तिच्यासारखं निघालं. शब्द सुटे, शेवट वर. मला माझ्याच कानांनी ते ऐकू आलं.

तिकडून तुझा आवाज आला, "पुरे, आई." आणि फोन बंद.

बबी, मी नक्कल केली नाही. पोथीवर हात ठेवून सांगते. ते आपोआप आलं. पंधरा दिवस रोज दुपारी त्या शिवणाऱ्या बाईंकडे जाऊन बसते आहे, तर त्यांची वाक्यं कळायला लागली, आणि परवा बाबा म्हणाले, "तू त्यांच्यासारखी मान हलवून बोलतेस हल्ली." बाईंचंही थोडं माझ्यासारखं झालं आहे. ज्याच्याजवळ बसावंसं वाटतं त्याचा हेल लागतो. न ठरवता लागतो. मी छकुलीच्या जवळ गेले होते, एवढंच झालं.

पण हे तुला कसं पटावं? माझ्यापुरतं दोन्ही वेगळं आहे. तुझ्या कानाला दोन्ही सारखंच आलं असणार.

आई


गुरुवार, ३० मे

बबी,

तू बाबांना विचारलंस, हे त्यांनी मला सांगितलं. दुकानात, गेल्या रविवारी. "बाबा, तुम्ही तिथेच होतात. आई नक्कल करत होती का?"

आणि ते म्हणाले, "मला सांगता येत नाही."

घरी येऊन त्यांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी चिडले. म्हटलं, "तेहतीस वर्षं संसार केला माझ्याशी. शेजारी उभे होतात. माझा चेहरा दिसत होता तुम्हाला. 'नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"अगं, तू विचारलं असतंस तर 'नाही' म्हटलं असतं. पण तिने विचारलं. खोटं निघालं तर तिने कुणाकडे बघायचं?"

"म्हणजे तुम्हालाही वाटतं मी..."

"मला वाटतं तू नाही केलीस. पण वाटणं वेगळं. तुझं कधी खरं असतं आणि कधी सोंग, हे मला अजून कळत नाही. सोंग इतकं चांगलं वठवतेस तू."

एवढं बोलून ते गुडघा चोळत बसले. मी भांडी घासायला घेतली. आवाज करून घासली.

त्यांचं खरं आहे. आणि त्यांना जे माहीत नाही ते मी तुला सांगणार आहे. हे सांगितलं नाही तर आधीची सगळी पत्रं लबाडीची ठरतील.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मंडळात एकीने म्हटलं, "करा ना हो परत, मुलीचं करा." मी केलं. पोथी मिटून ठेवली आणि केलं. दोन महिन्यांनी, कुणाची तरी नवी सून आली होती, तिला दाखवायला म्हणून पुन्हा. तू निघून गेली होतीस, माझ्याशी बोलत नव्हतीस, आणि तुझा आवाज मी माझ्या तोंडात ठेवला होता. तुझी आठवण येत होती म्हणून केलं, असं लिहिलं तर छान वाटेल. थोडं तेही होतं. पण लोक हसत होते आणि मला ते आवडत होतं, हे जास्त होतं.

म्हणून तुझा संशय रास्त आहे. मी तुझ्या जागी असते तर फोन आधीच ठेवला असता.

मागच्या गुरुवारी मंडळात पुन्हा फर्माईश झाली. मी म्हटलं, "आता करणार नाही. तेव्हाही करायला नको होतं. माझी मुलगी त्यामुळे सोळा महिने बोलत नव्हती आणि आता पुन्हा बोलत नाही." मग एक म्हणाली, "अहो, गंमत होती ती, एवढं काय त्यात." दुसरी म्हणाली, "मुलींना हल्ली फार लागतं बाई." मी म्हटलं, "हल्ली नाही. मलाही लागायचं." पुढचं पान कुणी वाचायचं यावर विषय बदलला. निघताना कुणी माझ्यासाठी थांबलं नाही.

हे तुला चांगलं वाटावं म्हणून लिहीत नाही. एक नोंद राहिली होती.

छकुलीची गोगलगाय सापडली का?

आई


रविवार, ७ जुलै

बबी,

छकुली माझ्याशी फोनवर बोलते आहे, त्याला पाच रविवार झाले. आधी लिहिलं नाही, कारण भीती वाटत होती की लिहिलं आणि बंद झालं तर.

छकुलीने दुकानाच्या फोनवर बाबांना काय सांगितलं ते त्यांनी मला त्याच पावली येऊन सांगितलं, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून, गुडघा विसरून. "ती म्हणते, आजीला आता नीट बोलता येतं." मी विचारलं, म्हणजे? ते म्हणाले, "म्हणजे तिच्यासारखं. तिला वाटलं, तू शिकलीस." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी आत देवापाशी गेले आणि नुसती वात सारखी करून आले.

ती हट्टाने म्हणाली असणार, आजीशीच बोलायचं. तू नंबर लावून देतेस आणि बाजूला होतेस. मला "आई" म्हणून हाक मारत नाहीस, मीही मागत नाही. मी जशी येईल तशी बोलते. सांभाळून बोललं तर तिला लगेच कळतं, विचारते, "आजी, तुला बरं नाही का?" मागच्या रविवारी तिने मला आकडे म्हणून दाखवले आणि माझा "सात" चुकला असं सांगितलं. मी तिच्यासारखा म्हटला. "आता बरोबर," म्हणाली.

तिच्यापलीकडे तू असतेस. भांड्याचा आवाज येतो, कपाट लागतं, नळ सुरू होतो. तू माझ्याशी बोलत नाहीस, पण तिच्याशी बोलतेस. आज ती खुर्चीवर चढली असावी. तू म्हणालीस, "हळू गं, मी इथेच आहे." त्याच हेलात. सुटे शब्द, शेवट वर.

मी तो हेल मंडळात तीनदा काढला, बबी. लोकांना तो ओळखू यायचा, म्हणजे मला तो पक्का जमला होता. पण त्यात तू पोरीला अशी सावरतेस, झोपवतेस, ताप आला की अशी कपाळावर हात ठेवून बोलत असशील, हे माझ्या कानाला एकदाही कळलं नाही. तुझ्या रुग्णालयातली म्हातारी माणसं आता भिंतीकडे तोंड करत नसतील. असं कुणी बोललं तर कशाला करतील?

तू फोनवर ये असं म्हणणार नाही. तुला वाटेल तेव्हा, किंवा कधीच नाही. फक्त ती माझ्याशी बोलत असते तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. तिथेच काहीतरी करत राहा.

तुझी आई